थेट रेकॉर्डिंगसाठी पहिले माईक : प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट

कामाचं स्वरूप : एक गायिका, अकूस्टिक गिटार, चेलो आणि हातानं वाजवायचा ढोल असा चौघांचा संच. ध्वनिवर्धक लावायचे नाहीत. सभागृह शंभरेक खुर्च्यांचं, मंच लाकडी. रेकॉर्डिंग करणारे नवखे आहेत. चार इनपुटचा, फँटम पॉवर (माईकच्या तारेतूनच माईकला वीज) देणारा फील्ड रेकॉर्डर हाताशी आहे. माईक मात्र एकही नाही.

सुरुवात नेहमीसारखी ‘कोणता माईक घ्यावा’ या प्रश्नानं झाली. तो बाजूला ठेवून आधी माईक कुठे उभा राहणार हे विचारलं. प्रेक्षकांना मंच दिसला पाहिजे, वादकांच्या मध्ये स्टँडचं जंगल नको, आणि तारा कुणाच्या पायात येता कामा नयेत. या तीन अटी पाळल्या की जागा एकच उरते : मंचाच्या कडेला मध्यभागी एकच उंच स्टँड, पुढच्या वादकांपासून सुमारे अडीच मीटरवर. हा अडीच मीटरचा आकडा फळ्यावर लिहून ठेवला आहे. पुढच्या सगळ्या निवडी याच्याशी ताडून पाहायच्या.

यूएसबी माईक आजच यादीतून काढले. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. त्याहून मोठी अडचण म्हणजे असे दोन माईक जोडले तर दोघांची आतली घड्याळं वेगळी चालतात. दहा लाखांत २० भागांचा फरक पडला तरी तासाभरात दोन ट्रॅक ७२ मिलिसेकंदांनी सरकतात. एका व्यक्तीच्या बोलण्यासाठी ते ठीक, स्टिरिओ जोडीसाठी नाहीत.

७ ऑगस्ट

डायनॅमिक (चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा, बाहेरची वीज नको असलेला) की कंडेन्सर (विद्युतभारित पडद्याचा, वीज लागणारा)? ‘डायनॅमिक मंचावर, कंडेन्सर स्टुडिओत’ असं सर्रास सांगितलं जातं. ते सोडून आकडेमोड केली.

नमुन्याला दोन माईक घेतले. शुअर एसएम५७ हा डायनॅमिक माईक १९६५ पासून चालत आला आहे. त्याची संवेदनशीलता (एका पास्कल ध्वनिदाबाला निघणारं व्होल्टेज) पास्कलला १.६ मिलिव्होल्ट. रोड एनटी५ हा छोट्या डायफ्रॅमचा (आवाजानं हलणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, पास्कलला १२ मिलिव्होल्ट, आणि शांततेतही निघणारा त्याचा स्वतःचा आवाज १६ डेसिबल (ए, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार वजन दिलेलं माप). दोघांत संवेदनशीलतेचा फरक साडेसतरा डेसिबल.

पण नुसती संवेदनशीलता कमी असण्यानं काही बिघडत नाही, गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) वाढवता येतो. बिघडतं ते प्रीॲम्पच्या, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाच्या, सूं आवाजामुळे. चांगल्या इंटरफेसमध्ये (माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) इनपुटला धरलेला हा आवाज उणे १२८ डीबीयूच्या (व्होल्टेजचं डेसिबल माप) आसपास असतो, साध्या हँडी रेकॉर्डरमध्ये उणे ११५ पर्यंतही घसरतो. याचं ध्वनिपातळीत रूपांतर केल्यावर काय येतं ते असं. एसएम५७ चांगल्या प्रीॲम्पवर लावला तर सुमारे २० डेसिबलचा सूं आवाज पाठीमागे राहतो, साध्यावर सुमारे ३३. एनटी५ चांगल्यावर १६ आणि साध्यावर १९. (ए-वजन धरलं की नाही यावरून एक-दोन डेसिबल इकडे-तिकडे होतील.)

आता हे सभागृहाशी ताडायचं. पंखे आणि वातानुकूलन बंद असताना रिकाम्या सभागृहाची शांतता ३० डेसिबलच्या घरात धरली, तर कंडेन्सरचा आवाज तिच्याखाली बुडून जातो. साध्या प्रीॲम्पवरचा डायनॅमिक मात्र सभागृहाच्याही वर राहतो. चांगल्या प्रीॲम्पवर तोच डायनॅमिक चालून जाईल. म्हणजे अडीच मीटरवर डायनॅमिक ‘चुकीचा’ नाही, तो प्रीॲम्पची परीक्षा घेतो. आपला रेकॉर्डर त्या परीक्षेत काठावर पास होणारा आहे, म्हणून मुख्य जोडी कंडेन्सरचीच.

तोंडापासून पाच-दहा सेंटीमीटरवर हे सगळं गणित उलटतं. तिथे आवाज इतका मोठा असतो की कुणाचाच सूं आवाज ऐकू येत नाही, आणि डायनॅमिकचा दणकटपणा कामाला येतो.

८ ऑगस्ट

फँटम पॉवरबद्दल. ४८ व्होल्ट, मान्य मर्यादा ४४ ते ५२. एक्सएलआरच्या (माईकच्या तारेच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) पिन २ आणि ३ वर सारखाच व्होल्टेज चढतो आणि पिन १ वरून परत येतो. दोन्ही पिनांवर सारखाच असल्यामुळे संतुलित (दोन वाहक आणि बाहेर आवरण असलेल्या) तारेवरच्या डायनॅमिक माईकला त्यानं काही होत नाही. रिबन माईक (धातूच्या पातळ पट्टीचा) मात्र यापासून दूर ठेवायचा. तार सदोष असेल किंवा पॅचबेमधून (जोडण्या अदलाबदल करायच्या पेटीतून) जोडणी होत असेल, तर रिबन ताणली जाऊ शकते.

३.५ मिमीच्या जॅकवरची ‘प्लग-इन पॉवर’ वेगळी, ती काहीच व्होल्टची असते. जॅक बदलणारा अडॅप्टर लावून त्यावर स्टुडिओ कंडेन्सर चालत नाही. नवखे यात हमखास फसतात.

रेकॉर्डरची बॅटरी फँटम चालू असताना लवकर संपते. दोन कंडेन्सर लावून पूर्ण कार्यक्रमाइतका वेळ रेकॉर्डिंग सुरू ठेवून पाहायचं. माहितीपत्रकातला आकडा फँटम बंद ठेवून मोजलेला असू शकतो.

११ ऑगस्ट

मोठा डायफ्रॅम की छोटा? मोठ्याचा (साधारण एक इंचाचा) स्वतःचा आवाज कमी असतो, काही मॉडेलांत तो ५ डेसिबलच्या आसपास येतो. पण सभागृहच ३० डेसिबलचं असेल तर १६ चे ५ करून हाती काही लागत नाही. उलट मोठा डायफ्रॅम बाजूनं येणारा आवाज रंगवतो, वरच्या कंप्रता बाजूला लवकर पडतात. एकाच गायकासमोर हे चालतं, कारण तो समोरच असतो. संचाच्या रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ सगळेच माईकच्या अक्षापासून बाजूला असतात, आणि खोलीचा घुमार तर चहूबाजूंनी येतो. छोटा डायफ्रॅम इथे सरळ वागतो. शिवाय हलका असल्यानं उंच स्टँडवर डोकं जड होत नाही.

मोठ्या डायफ्रॅमचा माईक बहुधा कुशीतून ऐकतो, टोकातून नाही. टोक गायकाकडे रोखून ‘आवाज दबका येतोय’ म्हणणाऱ्यांनी खूण कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावं.

निर्णय : छोट्या डायफ्रॅमचे दोन कंडेन्सर, एकाच मॉडेलचे. कारखान्यात जुळवलेली जोडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी संवेदनशीलतेतला डेसिबलभर फरक गेननं भरून निघतो. दोन वेगळ्या मॉडेलांची जोडी मात्र नको. दोघांचा रंग वेगळा असेल तर एकच चेलो खालच्या सुराला डावीकडे आणि वरच्या सुराला उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो.

१४ ऑगस्ट

दिशा-आकृती (माईक कोणत्या दिशेनं किती ऐकतो ते) ऐकून पाहिल्या. पद्धत सोपी : एक जण जागेवर उभं राहून सलग वाचत राहतो, दुसरा माईक एकाच बिंदूभोवती फिरवतो.

कार्डिऑइड (समोरून जास्त, मागून कमी ऐकणारा) ९० अंशांवर ६ डेसिबल खाली येतो, १८० वर कागदावर शून्य. खोलीत शून्य मिळत नाही, कारण भिंतीवरून परत आलेला आवाज पुढूनच शिरतो. तरीही मागची खुर्ची सरकल्याचा आवाज बराच मवाळ होतो. सुपरकार्डिऑइडची (त्याहून अरुंद ऐकणाऱ्या माईकची) शून्य-दिशा थेट मागे नसते, सुमारे १२६ अंशांवर असते. तो लावताना खोकणारा प्रेक्षक बरोबर पाठीमागे ठेवून काही फायदा नाही. फिगर-एट दोन्ही बाजूंनी सारखाच ऐकतो आणि ९० अंशांवर बहिरा असतो.

ऑम्नीचा (चहूबाजूंनी सारखं ऐकणाऱ्याचा) आवाज सर्वांत मोकळा वाटला, चेलोचा खर्ज तर फारच भरीव. जवळ गेल्यावर खर्ज फुगण्याचा दोष त्यात नाही, आणि वाऱ्याचा किंवा स्टँडच्या हादऱ्याचा त्रासही कमी. पण तो खोली फार ऐकतो. थेट आवाज आणि घुमार यांचं तेच प्रमाण ठेवायचं तर कार्डिऑइड ऑम्नीच्या १.७ पट अंतरावर ठेवता येतो. कार्डिऑइडला अडीच मीटर जमतात, तर ऑम्नीला दीड मीटरवर यावं लागेल. दीड मीटर म्हणजे वादकांच्या तोंडासमोर स्टँड. पहिल्या दिवसाच्या अटींत हे बसत नाही. सभागृह उत्तम वाजणारं असतं तर ऑम्नीसाठी भांडलो असतो. हे सभागृह तसं नाही : मागची भिंत सपाट आहे, टाळी वाजवली की ती चपराक मारल्यासारखी परत येते.

कार्डिऑइड ठरला.

१८ ऑगस्ट

स्टिरिओ मांडणी. संचाची रुंदी ४ मीटर, जोडी अडीच मीटरवर. माईकच्या जागेवरून संच सुमारे ७७ अंशांत दिसतो.

एक्स-वाय, म्हणजे दोन्ही कॅप्सूल (माईकचा ऐकणारा भाग) एकावर एक आणि ९० अंशांचा कोन. या मांडणीचा रेकॉर्डिंग-कोन (समोरचा जेवढा कोन एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत पसरतो तो) १८० अंशांहून अधिक आहे. ७७ अंशांचा संच त्यात टाकला तर सगळे स्पीकरांच्या मध्ये गर्दी करून उभे राहतात. मोनोत (दोन्ही चॅनेल एकत्र केल्यावर) मात्र कसलीही काटछाट होत नाही, हा तिचा गुण.

ओआरटीएफ हे नाव फ्रान्सच्या सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेच्या आद्याक्षरांवरून आलं. १७ सेंमी अंतर, ११० अंशांचा कोन. रेकॉर्डिंग-कोन सुमारे ९६ अंश. ७७ अंशांचा संच यात दोन स्पीकरांमधली साधारण चार-पंचमांश जागा व्यापतो, कडेला थोडी हवा राहते. हेच हवं होतं. जोडी १.८ मीटरवर नेली तर संच कडेपासून कडेपर्यंत ताणला जाईल. त्याहून जवळ गेलो तर टोकाचे वादक स्पीकरांना चिकटतील आणि मध्ये भोक पडेल.

दोन फिगर-एट ९० अंशांत ठेवायची ब्लमलाइन मांडणीही ऐकायची होती. ॲलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी १९३१ साली अर्ज केला होता, आणि ती मांडणी आजही कानाला गोड लागते. पण मागच्या भिंतीची ती चपराक तीत पुरेपूर आली असती. सोडून दिली.

ओआरटीएफ बांधताना झालेल्या चुका. १७ सेंमी मोजायचे ते कॅप्सूलच्या तोंडापासून तोंडापर्यंत. पहिल्यांदा क्लिपपासून क्लिपपर्यंत मोजले, कॅप्सूल २८ सेंमीवर गेले आणि मधली जागा पोकळ झाली. दुसरं, दोन्ही अक्ष कॅप्सूलच्या मागे, माईकच्या लांबीनं मोजलं तर सुमारे १०.४ सेंमीवर, एकमेकांना छेदतात आणि माईक १२ सेंमी लांब आहे. म्हणून दोन्ही एकाच पातळीत बसतच नाहीत. एक माईक दुसऱ्याच्या वरून न्यावा लागतो, म्हणजे एका क्लिपखाली दोन-अडीच सेंमीचा ठोकळा. पुठ्ठ्यावर ११० अंशांचा कोन आणि १७ सेंमीची खूण काढून साचा कापला. तो आता पेटीतच राहील. अंधाऱ्या मंचावर कोनमापक कोण शोधणार?

२१ ऑगस्ट

बाकीचं सामान. नवख्यांचा पैसा इथेच अपुरा पडतो, कारण सगळा माईकवर खर्च झालेला असतो.

स्टँड किमान ३ मीटर चढणारा, पाय रुंद फाकणारे, खाली वाळूची पिशवी. जोडी २.४ मीटर उंचीवर, वादकांकडे किंचित झुकवून. एकही पाय प्रेक्षकांच्या वाटेकडे नको. स्टिरिओ पट्टी (दोन्ही माईक एका स्टँडवर बसवायची) धातूची, कारण प्लॅस्टिकची वजनानं वाकते आणि कोन हलतो. दोन शॉक-माउंट (हादरे शोषणाऱ्या पकडी), दोन फोमच्या टोप्या. एक्सएलआर तारा १० मीटरच्या दोन आणि जादा एक. जमिनीवर चिकटवायला कापडी टेप. बंद हेडफोन, जे कानाभोवती बसतात ते.

लाकडी मंचावर ढोलवादकाच्या पायाचा ठेका स्टँडमधून थेट माईकमध्ये चढला. स्टँडच्या पायाखाली जाड फेल्ट टाकल्यावर बराच उतरला. उरलेला ८० हर्ट्झच्या लो-कटनं (त्याखालचा खर्ज कापणाऱ्या गाळणीनं) घालवता येतो, पण चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणून लो-कट रेकॉर्डरवर न लावता नंतर, ऐकत-ऐकत लावायचा. एकदा कापलेला खर्ज परत मिळत नाही.

२५ ऑगस्ट, पहिली तालीम

उजवा चॅनेल बारीक, खर्ज गेलेला आणि घुं आवाजासकट. शोधायची रीत : एका वेळी एकच गोष्ट अदलाबदल करायची. आधी रेकॉर्डरकडच्या टोकाला दोन तारा बदलल्या, दोष डाव्या चॅनेलला गेला, म्हणजे इनपुट ठीक. मग माईककडच्या टोकाला बदलल्या, दोष तारेबरोबरच राहिला, म्हणजे माईक ठीक. तार उघडली तर पिन ३ चा डाख सुटलेला. पिन २ किंवा ३ तुटली की आवाज बारीक होतो आणि घुं येतो. पिन १ तुटली तर फँटमच पोचत नाही आणि कंडेन्सर गप्प बसतो. या दोन लक्षणांवरून निम्मं निदान आधीच होतं.

प्रत्येक अदलाबदलीआधी गेन खाली, फँटम बंद, काही सेकंद थांबणे. नाहीतर हेडफोन घातलेल्याच्या कानात फटाका.

गेन जुळवणे. रेकॉर्डरवरच्या दोन खुंट्या सारख्या आकड्यावर असल्या म्हणजे गेन सारखा असतो असं नाही. दोन्ही माईक शेजारी-शेजारी, कॅप्सूलला कॅप्सूल लावून, एकाच दिशेला ठेवले. समोर तीन मीटरवर एक जण बोलत राहिला. हेडफोनमध्ये दोन्ही चॅनेल मोनो करून एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी केली, आणि आवाज सर्वांत बारीक होईपर्यंत एक खुंटी हळूहळू फिरवली. तिथे टेपची खूण. यात कानाला ‘सारखं वाटतं’ यावर विसंबावं लागत नाही.

पातळी : संचाला त्यांचा सर्वांत मोठा भाग वाजवायला सांगून शिखरं उणे १२ डीबीएफएसला (यात शून्य म्हणजे रेकॉर्डरची कमाल पातळी) बसवली. २४ बिटला एवढी मोकळी जागा सोडून काहीही गमावत नाही. प्रेक्षकांसमोर सगळे तालमीपेक्षा जोरात वाजवतात, हे गृहीतच धरायचं.

२६ ऑगस्ट

कालचं ऐकलं. गिटार, चेलो, ढोल यांचा तोल सुरेख, गायिका मात्र मागे पडते. पहिला उपाय माईकचा नव्हताच : गायिकेला अर्धा मीटर पुढे आणलं आणि ढोल अर्धा मीटर मागे नेला. जोडीवर रेकॉर्डिंग करताना मिक्सिंग खुर्च्या सरकवूनच होतं. फरक मोठा पडला, पण हळू गायलेल्या ओळींचे शब्द अजूनही विरघळतात.

म्हणून तिसरा माईक : कार्डिऑइड डायनॅमिक, तोंडापासून २५ सेंमीवर, हनुवटीच्या किंचित खालून. शब्द उचलण्यापुरताच. इथे दुसरा कंडेन्सर घेतला असता तर शेजारचा ढोलही लख्ख आला असता, असं म्हणण्याची पद्धत आहे. खरं तर दोन्ही कार्डिऑइड असतील तर गळती जवळजवळ सारखीच. डायनॅमिकला वरच्या कंप्रता कमी येतात म्हणून ती कानाला कमी टोचते, इतकंच. शिवाय तो पडला तरी बहुधा वाचतो.

गायिकेपासून ढोल ७५ सेंमीहून दूरच ठेवायचा. आवाजाच्या उगमापासून माईक जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर दुसरा उगम असावा. तसं नसेल तर दोन माईकमध्ये तोच आवाज उशिरा-लवकर पोचून पोकळ होतो.

उशिराचं गणित इथेही. गायिकेच्या तोंडापासून मुख्य जोडी सुमारे २.६५ मीटर, जवळचा माईक पाव मीटर. फरक २.४ मीटर, भागिले ३४३, म्हणजे ७ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झला ३३६ नमुने. मिसळताना जवळचा ट्रॅक तेवढा मागे सरकवला आणि जोडीच्या दहाएक डेसिबल खाली ठेवला. शब्द पुढे आले, गायिका मात्र खोलीतच राहिली. न सरकवता वाढवलं तर ती संचातून उडी मारून पुढे येते. मोजपट्टीवर विसंबायचं नसेल तर गायिकेच्या जागी एक टाळी रेकॉर्ड करावी आणि दोन ट्रॅकवरच्या टोकांतलं अंतर वाचावं.

३० ऑगस्ट, कार्यक्रम

साचा लावून जोडी बांधायला १२ मिनिटं. माईक पेटीतून काढून अर्धा तास खोलीच्या हवेत ठेवले. गार पेटीतून दमट हवेत आलेल्या कंडेन्सरच्या कॅप्सूलवर ओल धरते आणि तडतड ऐकू येते.

रेकॉर्डरचे चारही इनपुट धरून चार ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ : तासाला सुमारे २.१ जीबी. साधी वेव्ह फाइल ४ जीबीला थांबते, म्हणजे जवळपास दोन तासांनी रेकॉर्डर नवी फाइल उघडणार. तो सांधा निर्दोष आहे का ते आधीच तपासून ठेवलं होतं, तरी मध्यंतरात मुद्दाम थांबवून नवी फाइल सुरू केली.

बिघडलं ते असं. वातानुकूलन बंद करायचं ठरलं होतं, पण दुसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी सुरू केलं. झोत थेट जोडीवर, फोमच्या टोप्यांनी थोडंफार वाचवलं. टाळ्या वाद्यांपेक्षा मोठ्या आल्या, एका जागी शिखर उणे २ ला टेकलं. उणे १२ ऐवजी उणे ६ वर बसवलं असतं तर तिथे फाटलं असतं. रेकॉर्डरशेजारी ठेवलेल्या मोबाईलची टिर्र-टिर्र तिसऱ्या ट्रॅकवर दोनदा सापडली. फोन तारांपासून दूर, ही ओळ तपासयादीत वर गेली.

खुर्च्या भरल्यावर सभागृह तालमीपेक्षा कोरडं झालं. माणसं घुमार शोषतात. पुढच्या वेळी जोडी अडीचऐवजी पावणेतीन मीटरवर नेऊन पाहायची, संच मग सुमारे ७२ अंशांत दिसेल. ओआरटीएफला ते अजून पेलतं.

२ सप्टेंबर

खरेदीचा क्रम ठरला. आधी छोट्या डायफ्रॅमची कार्डिऑइड कंडेन्सर जोडी, त्याच पैशात स्टँड, पट्टी आणि तारा धरून. मग एक डायनॅमिक. त्यानंतर पैसे उरले तर महागडे माईक नकोत, कमी आवाजाचा प्रीॲम्प. ७ ऑगस्टच्या आकडेमोडीतून सर्वांत मोठी तफावत तिथेच दिसली होती. ऑम्नी कॅप्सूल बदलून लावता येतील असा माईक निवडला तर पुढे चांगलं सभागृह मिळाल्यावर नवी जोडी घ्यावी लागणार नाही. मोठा डायफ्रॅम, रिबन, फिगर-एट तूर्त यादीबाहेर.

उरलेलं काम : तालमीत सुटलेला डाख कायमचा पक्का करणे, तिन्ही तारा गोल गुंडाळून टोकाला रंगीत टेप, फोमच्या टोप्यांऐवजी जाड केसाळ टोप्या, साच्याच्या पुठ्ठ्याऐवजी प्लायचा तुकडा.